डावरीचं सरळ वर्ष

मुखवट्याचा पट्टा मानेमागे आवळून डावरी पांढऱ्या वर्तुळात उभी राहिली, तेव्हा तिच्यासमोर सरकारी दवाखान्यात लागते तशी रांग लागली होती.

"एकेकाने या," मास्तर म्हणाले. "तलवारीकडे बघत बसू नका, तिच्या कोपराकडे बघा. आणि पाय उजवीकडे टाका. उजवीकडे! जन्मभर डावीकडे सरकलात म्हणून आजही तिकडेच जाल आणि मार खाल."

पहिला आला तो बँकेतला कारकून. तो डावीकडेच सरकला आणि त्याने मार खाल्ला. त्याच्या मागचा त्याच्यावरून शिकला, त्याच्या मागची आणखी शिकली. रांगेचं शेपूट पुढे येईपर्यंत प्रत्येकाचा पाय बरोबर उजवीकडे पडायला लागला होता आणि लाकडी तलवारीचे वार डावरीच्या डाव्या मनगटावर टकाटक बसत होते. हातमोजा जाड होता, पण जाड हातमोज्याच्या आतही शेवटी मनगटच असतं.

"शाब्बास!" मास्तर प्रत्येक वाराला म्हणत होते. ते मारणाऱ्याला उद्देशून होतं.

टायरच्या गोदामावरच्या त्या लांबट हॉलमध्ये तीसेक माणसं तलवार शिकायला येत, आणि त्यांत डाव्या हाताची ती एकटी. म्हणून डावरी. खरं नाव मास्तरांना तरी आठवत होतं की नाही, कोण जाणे. नदीपलीकडच्या वर्गात मात्र डावखुरे तिघे होते, दोन पुरुष आणि एक उंच बाई, आणि दरवर्षीच्या खुल्या स्पर्धेत ते तिघे मास्तरांच्या माणसांना धूळ चारत. त्यावर मास्तरांनी काढलेला उपाय म्हणजे डावरी. स्पर्धा जवळ आली की सगळा वर्ग आठवडेच्या आठवडे तिच्यावर घासला जायचा. "हिला पचवलं की तिकडचे डावखुरे म्हणजे पाणी," असं ते म्हणत, आणि त्यात काही चूक नव्हती. फक्त धार लावायच्या दगडाला कुणी स्वयंपाकाला घेत नाही, तसं तिला कुणी स्पर्धेला नेत नव्हतं.

नेणार तरी कसं? बायकांच्या गटात वर्गातून एकीलाच जाता येई, आणि ती एक कोण, हे हॉलमध्येच सगळ्यांसमोर लढती लावून ठरे. पाच वार आधी करेल ती जिंकली. मास्तर पक्षपात करणारे नव्हते. पण डाव्या हाताची निम्मी ताकद समोरच्याच्या गोंधळात असते, आणि या हॉलमध्ये गोंधळायला कुणी उरलंच नव्हतं. तिचा प्रत्येक वार वर्गाला पाढ्यासारखा पाठ होता. त्याही वर्षी ती निवडीत हरली, आणि हरली ती स्वतःच्या धाकट्या जावेकडून.

जावेला या वर्गात तिनेच आणलं होतं. जाऊ हाडांच्या दवाखान्यात नर्स होती, दिवसभर दुसऱ्यांचे हातपाय उचलून तिची पाठ धरायची, म्हणून डावरी तिला म्हणाली होती, "चल माझ्याबरोबर, अंग मोकळं होईल." अंग असं मोकळं झालं की सलग दोन वर्षं वर्गातर्फे तीच जात होती. दोघींचं घर एक, स्वयंपाकघर एक, चूल एक. हरलेली आणि जिंकलेली एकाच पाटावर भाजी चिरत बसत. डावरीचा नवरा म्हणायचा, "आमच्या घरात जावा-जावा भांडत नाहीत, तलवारी काढतात." हा विनोद तो पाहुण्यांसमोर दरवेळी नव्याने सांगायचा.

स्पर्धेला डावरी गेली, पण पाण्याच्या बाटल्या आणि पट्ट्यांची पिशवी घेऊन. लढतीआधी अंग गरम करायला जावेसमोर एक डावा हात लागतो, त्यासाठी तिला नेलं होतं.

तिथल्या मागच्या आवारात ती एकटीच तलवार फिरवत असताना कुठल्याशा दुसऱ्या वर्गाची एक तरुण बाई तिच्याजवळ आली. हातात मुखवटा होता, तोंडात काहीतरी चघळत होती.

"थोडं खेळायचं का? माझी जोडीदारीण अजून आली नाही."

दोघी उभ्या राहिल्या. डावरीने पहिला वार केला तो त्या बाईच्या बरगडीवर बसला. दुसरा मनगटावर बसला. तिसऱ्या वेळी ती बाई पुन्हा डावीकडेच सरकली, सरळ डावरीच्या पात्यात चालत आली, आणि मग मुखवटा वर करून हसायला लागली.

"अगं बाई, तू डावखुरी आहेस होय! मला कळेचना वार येतोय कुठून. कितव्या फेरीत आहेस?"

"मी नाही खेळत," डावरी म्हणाली. "मी बरोबर आलेय."

त्या बाईने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, "असं होय," म्हणाली आणि पाणी प्यायला निघून गेली. पुढे ती बाई उपांत्य फेरीपर्यंत पोचली. जाऊ दुसऱ्याच फेरीत नदीपलीकडच्या त्या उंच बाईकडून हरली.

परतीच्या बसमध्ये डावरी मास्तरांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती एकदम मुद्द्यावर आली.

"मास्तर, पुढच्या वर्षी मला पाठवून बघा."

"निवड असते ना? सगळ्यांसमोर होते."

"निवडीत मी हरणारच. इथे सगळ्यांना माझा हात पाठ झालाय. बाहेर नाही झालेला."

मास्तरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "डावरे, घरात जी हरते ती बाहेर जिंकेल, हा कुठला हिशोब? उद्या हरलेला प्रत्येक जण हेच सांगत येईल. मग मी काय चिठ्ठ्या टाकू?"

मास्तर वाईट माणूस नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नव्हतं. पुढच्या वर्षी डावरीला एकोणचाळीस पुरी होणार होती. चाळीस पुरी झाली की खुल्या गटात उभं राहू देत नसत. म्हणजे एकदाच, आणि तेही या हॉलमधल्या सगळ्यांना आपला डावा हात विसरायला लावता आला तर. बस पुलावरून जात असताना तिला हे इतकं स्पष्ट दिसलं की तिने उगाच इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

दुसऱ्या आठवड्यात ती हॉलमध्ये आली ती डाव्या मनगटाला पट्टी बांधून.

"फार मार बसलाय," तिने मास्तरांना सांगितलं. "आता डाव्याने जमणार नाही."

"अरेरे. किती दिवस?"

"माहीत नाही. तोवर उजव्याने शिकू का? पहिल्यापासून."

मास्तरांना मनगटाचं वाईट वाटलं, आणि तेवढाच मनापासून आनंदही झाला. "शीक की! मी तर कधीचा म्हणतोय. सगळी विद्या उजव्यासाठीच बसवलेली आहे." आणि त्यांनी तिला मागच्या रांगेत, नवशिक्यांच्या ओळीत उभं केलं.

उजवा हात तिचा अगदीच मातीचा नव्हता. ती सोफ्यांच्या कारखान्यात कापड कापायची, आणि तिथल्या मोठ्या कात्र्या उजव्या हाताच्याच असत, त्यामुळे पंधरा वर्षं तिने पोटासाठी उजवा हात चालवला होता. पण कापड समोरून वार करत नाही. पहिले काही महिने तिला कुणीही हरवायचं. बँकेतला कारकून हरवायचा. कारकुनाची आत्या हौसेखातर वर्गात यायची, तीही हरवायची आणि वर "सॉरी हं" म्हणायची. डावरी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून शिव्या द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागच्या रांगेत उभी राहायची. मास्तर येता-जाता तिच्या खांद्यावर थाप मारत. "आता कशी सरळ झालीस," असं ते कौतुकाने म्हणायचे. आजवर डाव्या हाताच्या कुठल्याही वाराला तिला एवढी शाबासकी मिळाली नव्हती, आणि ते तिला लागलं.

डावा हात ती भल्या सकाळी गच्चीवर चालवायची. कारखान्यातून आणलेली फोमची जाडजूड गुंडाळी कपड्यांच्या तारेच्या खांबाला बांधून त्यावर ती वार करायची. फोमचा आवाज होत नाही. नवऱ्याला सांगणं भाग होतं, कारण बायको अंधारातच उठून रोज कुठे जाते, असा प्रश्न कुठल्याही नवऱ्याला पडतो.

"म्हणजे मनगट धडधाकट आहे?"

"हळू बोल."

"आणि माझ्या भावाची बायको तुला रोज संध्याकाळी ते शेकून देते?"

खोटं डावरीने मास्तरांशी बोलायचं ठरवलं होतं. जावेचा विचारच केला नव्हता. पण घर एक, आणि जाऊ नर्स. पट्टी पाहिली त्याच संध्याकाळी तिने डावरीला खुर्चीत बसवलं, पट्टी सोडली, दोन्ही अंगठ्यांनी मनगट सगळीकडून दाबून पाहिलं, हात फिरवून पाहिला. कुठे दाबल्यावर ओरडायचं हे डावरीला ठाऊक नव्हतं, म्हणून ती दोनदा अंदाजाने "आई गं" म्हणाली. जावेने तिच्याकडे पाहिलं.

"हं," ती म्हणाली. "शेकत जाऊ रोज. आणि ही पट्टी अशी नाही बांधत, ताई. द्या इकडे."

तेव्हापासून ती गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची, पट्टी नीट बांधून द्यायची आणि भांडी स्वतः घासायला घ्यायची. डावरीला शरम वाटायची. ती खरीच वाटायची, भांड्यांचा आवाज ऐकताना जास्त वाटायची. पण सांगून टाकावं असं मात्र एकदाही वाटलं नाही. जाऊ दोनदा जाऊन आली होती, अजून तिची दहा वर्षं शिल्लक होती. डावरीचं एकच होतं.

अशा रीतीने वर्ष गेलं. स्पर्धा जवळ आली तेव्हा मास्तर डावखुऱ्यांच्या तयारीची आठवण काढून हळहळले, पण दुखावलेल्या मनगटाला काय करणार? वर्गात कुणीच आता उजवीकडे पाय टाकत नव्हतं. टाकायचं कारणच उरलं नव्हतं.

निवडीच्या दिवशी डावरीने बाकावर बसून पट्टी सोडली, गुंडाळून पिशवीत टाकली, हातमोजा डाव्या हातात चढवला आणि वर्तुळात जाऊन उभी राहिली. हॉलमध्ये कुजबुज झाली. मास्तरांनी आधी हाताकडे, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मनगट?"

"बरं झालं."

"कधी?"

"झाले थोडे दिवस."

डाव्या हाताने खेळू नये असा नियम नव्हता, आणि नसलेला नियम ऐनवेळी काढणारे मास्तर नव्हते. त्यांनी हात वर करून इशारा दिला.

पहिली लढत कारकुनाच्या आत्याशी होती. बाई सवयीने डावीकडे सरकली, पुन्हा सरकली, पुन्हा सरकली. एकदाही तिला वार कुठून आला ते कळलं नाही. डावरीने तिला शून्यावर हरवलं आणि वर "सॉरी हं" म्हणाली.

मग जाऊ आली.

तिने मुखवटा बांधला, तलवारीने सलामी दिली. सुरुवात झाली ती तशीच. जाऊ डावीकडे सरकली आणि बरगडीवर वार खाऊन मागे गेली. दुसराही डावरीचाच. तिला वाटलं, झालं, हीही विसरली. तेवढ्यात जावेचा पाय उजवीकडे पडला, अगदी पडायला हवा तिथे, आणि डावरीच्या मनगटावर टक्‌कन वार बसला. नंतर आणखी एक. तिसरा वार डावरीने ओढून आणला, जावेने लगेच परत फेडला. चौथ्याचंही तसंच झालं. कारकुनाची आत्या जे विसरली होती ते हिला इतक्या लवकर कसं आठवलं, असं डावरीच्या मनात येऊन गेलं. पण जाऊ पहिल्यापासून हुशार, आणि वर्तुळात उभं असताना विचार करायला फुरसत नसते. चार-चार झाले होते.

शेवटच्या वाराला डावरी घाई करून पुढे गेली. फार पुढे गेली. तिचं तिलाच कळलं की मनगट उघडं पडलंय आणि आता ते झाकायला वेळ नाही. जाऊ उजवीकडे आलेली होती, तिची तलवार वर उचललेली होती. ती तिथेच राहिली. एक श्वासभर असेल, नसेल. डावरीचं पातं फिरून जावेच्या बरगडीवर आपटलं.

"पाच!" मास्तर ओरडले.

हॉलने टाळ्या वाजवल्या. जावेने मुखवटा काढला, तिचा चेहरा लालबुंद होता. ती पुढे झाली आणि तिने डावरीला मिठी मारली.

"छान लागला, ताई," ती म्हणाली, आणि पाणी प्यायला गेली.

मास्तर डावरीजवळ आले.

"वर्षभर आम्हाला मूर्ख बनवलंस."

"हो."

"बसमध्ये तू जे म्हणाली होतीस..." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बघू तिकडे काय होतं ते."

त्या संध्याकाळी घरात चौघं एकत्र जेवायला बसली. म्हणजे तिघं बसली; जाऊ गॅसपाशी उभी राहून गरम वाढत होती, कारण आज ताईने उठायचं नाही असं तिने बजावलं होतं. नवरा खुशीत होता. तो जावा-जावांचा विनोद सांगायला निघाला आणि घरातल्याच माणसांना काय सांगायचा म्हणून थांबला. दीर एरवी बडबड्या, आज खाली मान घालून जेवत होता. तो प्लंबर. तलवारीचं त्याला काडीचं वेड नव्हतं, आजवर हॉलचा जिना चढला नव्हता.

त्याने पाण्याच्या तांब्याकडे हात लांबवला आणि शर्टाची बाही मागे सरकली.

डावा हात होता. मनगटापासून कोपरापर्यंत डागच डाग होते. जुने पिवळे पडलेले, त्यांच्यावर हिरवट, आणि सगळ्यांवर दोन-तीन ताजे निळे. सगळे हाताच्या बाहेरच्या अंगाला.

"हे काय झालं, भाऊजी?"

"ते होय? पाईप लागला." त्याने बाही खाली ओढली. "कामावर."

"किती पाईप?"

दिराने बायकोकडे पाहिलं. बायको गॅसकडे तोंड करून भांड्यात ढवळत होती, आणि त्या भांड्यात ढवळण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

डावरीने हातातला घास ताटात ठेवला. त्या अंगाला, त्याच जागी, असे वार कशाने बसतात हे तिच्याइतकं या जगात कुणाला ठाऊक नव्हतं. दोन अंगठे आपलं मनगट दाबत होते ते तिला आठवलं. मग शेवटच्या वाराच्या वेळी वर उचललेली, तिथेच राहिलेली तलवार आठवली.

तिला आधी संताप आला. एक अख्खं वर्ष मार खाल्ला तो कुणी काही हातावर ठेवावं म्हणून नव्हे. उठावं आणि विचारावं, थांबलीस का? उद्या मास्तरांना सांगावं, लढत पुन्हा लावा. ती उठलीही असती. पण विचारलं तर जाऊ "नाही" म्हणाली असती, आणि त्या "नाही"चं काय करायचं हे डावरीला जन्मात कळलं नसतं. कदाचित थांबलीच नसेल. कदाचित दमली असेल, श्वास लागला असेल. चार वार तर तिने खणखणीत मारले होते. आणि खरं सांगायचं तर डावरीला जायचं होतं. कुणी दिलं असो की घेतलं असो, तिला त्या आवारात पट्ट्यांची पिशवी न घेता जायचं होतं. ते सोडण्याइतकी ती मोठ्या मनाची नव्हती.

तिने घास उचलला, चावला, गिळला.

नदीपलीकडची ती उंच बाई डोळ्यांसमोर आली. तिचा डावा हात, तिचं लांब पातं. आणि डावरीच्या एकदम लक्षात आलं की इतकी वर्षं सगळा वर्ग डाव्या हातासमोर उभा राहून शिकला, राहिली ती एकटीच.

"भाऊजी," ती म्हणाली, "उद्यापासून सकाळी गच्चीवर येत जा. डाव्या हातानेच खेळा माझ्याशी. मी आजवर डावखुऱ्यासमोर कधी उभीच राहिले नाहीये."

नवऱ्याला ठसका लागला. दीर आधी तिच्याकडे आणि मग पुन्हा बायकोकडे बघायला लागला.

जावेने गॅस बंद केला. ती वळली, भांडं घेऊन टेबलापाशी आली आणि डावरीच्या ताटात उरलंसुरलं सगळं वाढलं.

"येतील," ती म्हणाली. "पण ताई, मनगटावर जरा बेताने. तिथे मी आधीच पुष्कळ मारलंय."